संगणकाच्या घड्याळाला टाच

संगणक घ्यायला गेलो, की दुकानदार आकडे सांगू लागतो. मेमरी इतकी, डिस्क इतकी आणि प्रोसेसर इतक्या गिगाहर्ट्‌झचा. १९९० च्या दशकात हा शेवटचा आकडा मेगाहर्ट्‌झमध्ये सांगितला जाई आणि संगणकाची किंमत बरीचशी त्यावरच ठरे. सोन्याची घनता जशी सोन्याच्या अंगचीच असते, तसा हा आकडाही प्रोसेसरच्या अंगचाच असणार, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात तसे नाही. तो कारखान्याने दिलेल्या हमीचा आकडा असतो. लिफ्टमध्ये 'सहा माणसे' अशी पाटी लावलेली असते. सातवा माणूस आत शिरला म्हणून दोर लगेच तुटत नाही, पण त्यापुढची जबाबदारी पाटी लावणाऱ्याची राहत नाही. प्रोसेसरचे असेच आहे.

हमीच्या आकड्यापेक्षा अधिक वेगाने प्रोसेसर चालवणे याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. जगभरातली हौशी मंडळी हा उद्योग गेली अनेक वर्षे करत आली आहेत. नवशिक्याच्या दृष्टीने यात तीन प्रश्न असतात. तीच चिप अधिक वेगाने चालू कशी शकते? त्याची किंमत काय मोजावी लागते? आणि आपला प्रयत्न यशस्वी झाला, हे ठरवायचे कसे? पहिल्या दोन प्रश्नांकडे सगळ्यांचे लक्ष असते. खरा अवघड प्रश्न तिसरा आहे आणि विज्ञानाच्या शिक्षकाला त्यातच अधिक रस वाटेल.

घड्याळ कशासाठी?

प्रोसेसरमध्ये लाखो-कोटी ट्रान्झिस्टर असतात. त्यांचे काम एका तालावर चालावे म्हणून एक विद्युतस्पंदन सतत चालू ठेवलेले असते. यालाच प्रोसेसरचे घड्याळ म्हणतात. ३०० मेगाहर्ट्‌झ म्हणजे सेकंदाला ३० कोटी ठोके. दोन ठोक्यांमधला अवधी ३.३३ नॅनोसेकंद, म्हणजे प्रकाशाला एक मीटर अंतर जायला लागतो तेवढा. वेग ४५० मेगाहर्ट्‌झ केला तर हा अवधी २.२२ नॅनोसेकंदांवर येतो. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा ६७ सेंटिमीटरच जाऊ शकतो.

या अवधीत नेमके काय घडते, हे वर्गात एका खेळातून दाखवता येईल. दहा मुलांना एका ओळीत उभे करा. प्रत्येकाच्या हातात एक कार्ड द्या. त्यावर 'पाच मिळवा', 'दुप्पट करा', 'तीन वजा करा' अशी एकेक कृती लिहिलेली असेल. एकाच्या कार्डावर मात्र मुद्दाम 'सतराने गुणा' असे लिहा. पहिल्या मुलाला एक संख्या लिहिलेली चिठ्ठी द्या. आपण टाळी वाजवली, की प्रत्येकाने हातातली चिठ्ठी पुढच्याकडे द्यायची. आकडेमोड पुरी झाली असो वा नसो, त्या क्षणी चिठ्ठीवर जे असेल तेच पुढे जायचे, हा नियम काटेकोरपणे पाळायचा.

टाळ्या सावकाश वाजवल्या तर शेवटी उत्तर बरोबर येते. हळूहळू वेग वाढवत न्या. एका विशिष्ट वेगाला 'सतराने गुणा' या जागेवर गाडी अडते. बाकीच्या नऊ जणांजवळ अजून भरपूर वेळ असला, तरी उत्तर चुकते. साखळीचा वेग तिच्यातल्या सर्वांत वेळखाऊ जागेवरून ठरतो. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. उत्तर चुकले हे ओळीतल्या शेवटच्या मुलाला कळत नाही. त्याच्या हातात एक संख्या येते आणि ती चुकीची आहे, असे तिच्यावर कुठेही लिहिलेले नसते. चूक फक्त आपल्याला कळते, कारण बरोबर उत्तर आपल्याला आधीच ठाऊक असते. ही गोष्ट लक्षात ठेवू या, पुढे तिचे काम पडणार आहे.

प्रोसेसरमध्ये चिठ्ठ्यांच्या जागी शून्य आणि एक यांचे विद्युतसंकेत असतात. संकेत एका ट्रान्झिस्टरमधून पुढच्याकडे जाताना तिथली अगदी लहानशी विद्युतधारकता भरावी किंवा रिकामी करावी लागते आणि त्याला थोडा वेळ लागतो. अशी अनेक द्वारे पार करून संकेत पुढच्या टप्प्याशी स्थिर झाला, की मगच घड्याळाचा ठोका पडायला हवा. ठोका आधी पडला तर अर्धवट संकेतच पुढे जाईल.

विद्युतदाब वाढवला तर प्रवाह वाढतो, धारकता लवकर भरते आणि चिप चपळ होते. याच्या उलट, या काळातल्या चिपमध्ये तापमान वाढले की इलेक्ट्रॉनांची चाल मंदावते, तारांचा रोध वाढतो आणि चिप सुस्तावते. ओव्हरक्लॉकिंगची सारी खटपट या दोन विधानांभोवती फिरते.

छापील आकडा ठरतो कसा?

प्रोसेसर एकेक करून घडवत नाहीत. सिलिकॉनच्या एका गोल चकतीवर शेकडो चिपा एकदम छापल्या जातात. सगळ्यांचा नकाशा एकच असला तरी थरांची जाडी, रेषांची रुंदी आणि अशुद्धीचे प्रमाण यांत बारीक फरक राहतोच. एकाच भट्टीतल्या विटा जशा सगळ्या सारख्या भाजल्या जात नाहीत, तसेच हे आहे. म्हणून प्रत्येक चिप तपासून तिची प्रतवारी केली जाते.

ही तपासणी मुद्दाम प्रतिकूल परिस्थिती धरून करतात. तापमान जास्त, विद्युतदाब थोडा कमी, अशा स्थितीतही चिप ज्या वेगाला सर्व चाचण्या बिनचूक पार करते, तो वेग तिच्या नावे लागतो. वर्षे जातील तसतशी चिप थोडी सुस्त होणार, त्यासाठीही काही जागा सोडलेली असते. शिवाय व्यापारी कारणही असते. उत्पादन सुधारले की बहुतेक चिपा वरच्या प्रतीच्या निघू लागतात, पण बाजारात मागणी मात्र स्वस्त मालाला जास्त असते. तेव्हा वरच्या प्रतीच्या चिपाही खालच्या आकड्याने विकल्या जातात.

थोडक्यात, छापील आकडा आणि प्रत्यक्ष मर्यादा यांच्यामध्ये एक पट्टा मोकळा असतो. ओव्हरक्लॉकिंग करणारा या पट्ट्यात शिरतो. पट्टा किती रुंद आहे, हे चिपेगणिक बदलते.

१९९८ चा सेलेरॉन

हा मोकळा पट्टा सगळ्यांच्या नजरेत भरला तो २४ ऑगस्ट १९९८ नंतर. त्या दिवशी इंटेल कंपनीने दोन प्रोसेसर एकदमच बाजारात आणले. एक होता ४५० मेगाहर्ट्‌झचा पेंटियम-२. हजार नगांच्या खरेदीत त्याची किंमत नगाला ६६९ डॉलर होती. दुसरा होता स्वस्त संगणकांसाठी काढलेला सेलेरॉन ३००ए. वेग ३०० मेगाहर्ट्‌झ, किंमत १४९ डॉलर.

दोन्ही चिपा ०.२५ मायक्रॉनच्या एकाच तंत्राने बनत आणि त्यांचा गाभाही जवळजवळ एकच होता. फरक होता तो कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरला लागणारी माहिती हाताशी ठेवणाऱ्या छोट्या मेमरीत. पेंटियम-२ ची ५१२ किलोबाइटची कॅश वेगळ्या चिपांवर होती आणि ती प्रोसेसरच्या निम्म्या वेगाने चाले. सेलेरॉनची कॅश फक्त १२८ किलोबाइटची, पण ती प्रोसेसरच्याच चिपवर होती आणि पूर्ण वेगाने चाले. त्यामुळे सेलेरॉनचा वेग वाढवला की कॅशचा वेगही आपोआप वाढे, वेगळ्या कॅश चिपांची आडकाठी येत नसे.

आता हा वेग वाढवायचा कसा, ते पाहू. प्रोसेसरचा वेग हा दोन संख्यांचा गुणाकार असतो. मदरबोर्डावरच्या मुख्य ठोक्याचा वेग ही एक संख्या आणि प्रोसेसरच्या आतला गुणक ही दुसरी. सेलेरॉन ३००ए साठी ६६.६ गुणिले ४.५ बरोबर ३०० असा हिशेब होता. गुणक इंटेलने आतच पक्का करून टाकला होता. हलक्या प्रोसेसरवरचा आकडा खोडून त्यावर वरचा आकडा छापायचा आणि ग्राहकाला फसवायचे, असे प्रकार त्या काळी होत असत. गुणक पक्का केल्याने त्यांनाही आळा बसे. मदरबोर्डावरचा ठोका मात्र बदलता येई. इंटेलच्या ४४०बीएक्स या चिपसंचावर बांधलेले मदरबोर्ड १०० मेगाहर्ट्‌झच्या ठोक्यासाठीच बनवलेले होते. १०० गुणिले ४.५ बरोबर ४५०. म्हणजे चौपटीहून महाग प्रोसेसरइतका घड्याळाचा वेग.

अ‍ॅबिट कंपनीच्या बीएच-६ या मदरबोर्डावर तर हा बदल संगणक सुरू होतानाच्या पडद्यावर कळफलकानेच करता येई. काही बोर्ड मात्र प्रोसेसरच्या 'बी-२१' या क्रमांकाच्या पट्टीवरून ६६ की १०० हे स्वतःच ओळखत. हौशी मंडळींनी त्या पट्टीवर चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावून किंवा नेलपॉलिशचा थेंब टाकून तिचा संपर्क तोडला आणि बोर्डाची समजूत बदलली.

प्रत्येक सेलेरॉन ३००ए ४५० पर्यंत गेलाच असे नाही. काही सहज गेले, काहींना थोडा जास्त विद्युतदाब द्यावा लागला आणि काही गेलेच नाहीत. चिपेगणिक पट्टा वेगळा असतो, तो असा.

पहिला प्रयत्न

समजा, त्या काळातला एखादा नवशिका हा प्रयोग करायला बसला आहे. त्याने कोणत्या क्रमाने जावे?

पहिली पायरी नोंदींची. मूळ वेगाला प्रोसेसरचे तापमान किती, एखादी ठरावीक आकडेमोड पुरी व्हायला किती सेकंद लागतात, हे वहीत लिहून ठेवायचे. ही नोंद नसेल तर पुढे काय सुधारले आणि काय बिघडले, हे सांगता येणार नाही. डिस्कवर महत्त्वाचे काही असेल तर त्याची प्रत दुसरीकडे काढून ठेवायची.

दुसरी पायरी, एका वेळी एकच बदल. ठोका ६६ वरून ७५, मग ८३, मग १०० असा वाढवत जायचे, हे शहाणपणाचे वाटते. पण इथे एक गमतीदार सापळा होता. साउंड कार्डासारखी कार्डे ज्या पीसीआय मार्गावर बसवली जात, त्याचा वेग ३३ मेगाहर्ट्‌झ ठरलेला होता. हार्ड डिस्कची देवाणघेवाणही याच मार्गावरून होई. हा ३३ मुख्य ठोक्याला भागून मिळे. ६६ ला दोनने भागले की ३३. १०० ला तीनने भागले की पुन्हा ३३. परंतु ७५ आणि ८३ ला बहुतेक बोर्डांवर भागाकार दोननेच होई. म्हणजे पीसीआय मार्ग अनुक्रमे ३७.५ आणि ४१.५ मेगाहर्ट्‌झने धावू लागे.

याचा परिणाम असा, की ८३ च्या ठोक्याला, म्हणजे सुमारे ३७४ मेगाहर्ट्‌झला, डिस्कवरची माहिती बिघडे आणि संगणक अडखळे. तोच प्रोसेसर १०० च्या ठोक्याला, ४५० मेगाहर्ट्‌झला, सुरळीत चालू शके. '३७४ ला जमत नाही, तर ४५० ला काय जमणार' असा निष्कर्ष काढून जो थांबला, त्याचे तर्कशास्त्र वरवर बिनचूक होते. पण आपण एकच गोष्ट बदलली, हे त्याचे गृहीतच खरे नव्हते. ठोक्याबरोबर पीसीआयचा वेगही बदलला होता आणि दोष तिथला होता. चले वेगळी करून तपासणे म्हणजे काय, याचे यापेक्षा चांगले उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

तिसरी पायरी, काय घडते ते पाहणे. इथे चार शक्यता असतात. पडदा काळाच राहिला, तर वेग फारच जास्त झाला. मदरबोर्डावरचा जंपर हलवून सेटिंग पूर्ववत करता येते आणि केवळ घड्याळाचा वेग वाढवल्याने चिप सहसा मरत नाही. दुसरी शक्यता, संगणक सुरू होतो, पण विंडोज उघडताना थबकतो. तेव्हा वेग एक पायरी खाली आणायचा किंवा विद्युतदाब किंचित वाढवायचा. तिसरी शक्यता, सर्व काही सुरळीत चालते आणि ते खरोखरच सुरळीत असते. चौथी शक्यता, सर्व काही सुरळीत चालल्यासारखे दिसते, पण मधूनच एखादे उत्तर चुकते. तिसरी आणि चौथी शक्यता डोळ्यांना अगदी सारख्या दिसतात. नवशिका नेमका इथे आनंदाने उठतो आणि प्रयोग संपला असे समजतो.

उष्णतेचा हिशेब

चाचणीकडे वळण्यापूर्वी दुसऱ्या प्रश्नाचे, किमतीचे, उत्तर पाहू. प्रोसेसरमध्ये खर्च होणाऱ्या शक्तीचा मोठा भाग पुढील सूत्राने मिळतो:

शक्ती = धारकता × (विद्युतदाब)² × वारंवारता

धारकता चिपच्या रचनेवर ठरते, ती आपल्या हातात नाही. नुसता वेग ३०० वरून ४५० केला, तर शक्ती दीडपट होते. त्याबरोबर विद्युतदाबही २.० व्होल्टवरून २.२ व्होल्ट केला, तर त्याच्या वर्गामुळे आणखी १.२१ पट वाढ होते. दोन्ही मिळून सुमारे १.८ पट. दाबात केवळ दहा टक्के वाढ करून उष्णतेत एकवीस टक्के भर पडते, हे विद्यार्थ्यांकडून काढून घेण्यासारखे गणित आहे.

ही उष्णता बाहेर नेण्यासाठी चिपवर अ‍ॅल्युमिनियमचा अनेक पात्यांचा हीट सिंक आणि त्यावर पंखा बसवतात. दोन्हींच्या मध्ये हवेची फट राहू नये म्हणून थर्मल पेस्टचा अगदी पातळ लेप देतात. समजा, हा सरंजाम असा आहे, की दर वॅटमागे चिपचे तापमान पेटीतल्या हवेपेक्षा १.२ अंशाने वाढते. चिप मूळ वेगाला २० वॅट खर्च करत असेल, तर वाढ २४ अंशांची होईल. खर्च १.८ पट, म्हणजे ३६ वॅट झाला, तर ती सुमारे ४३ अंशांची होईल. पेटीतली हवा ३० अंशांवर असेल तर चिप ७३ अंशांवर राहील. पण नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पेटीतली हवा ४५ अंशांच्या पुढे सहज जाते. तेव्हा तीच चिप ८८ अंशांवर पोहोचेल. जानेवारीत यशस्वी झालेला प्रयोग मे महिन्यात फसतो, तो यामुळे. चिप तापली की सुस्तावते, हे आपण वर पाहिलेच.

याखेरीज एक सावकाश होणारे नुकसान असते. चिपमधल्या तारा इतक्या बारीक असतात, की त्यांतून जोराने धावणारे इलेक्ट्रॉन धातूच्या अणूंना थोडे थोडे पुढे ढकलत राहतात. कालांतराने तार एखाद्या ठिकाणी झिजून तुटते. जेम्स ब्लॅक यांनी १९६९ मध्ये याचे सूत्र मांडले. त्यानुसार प्रवाहाची घनता वाढली की तारेचे आयुष्य साधारण तिच्या वर्गाच्या प्रमाणात घटते आणि तापमानाबरोबर ते त्याहूनही झपाट्याने घटते. म्हणून विद्युतदाब वाढवताना फार जपावे लागते. घड्याळाचा वेग पुन्हा कमी करता येतो, पण झिजलेली तार पूर्ववत करता येत नाही.

चालतो, पण बरोबर चालतो का?

आता तिसऱ्या प्रश्नाकडे येऊ. संगणक सुरू झाला, पत्र लिहून झाले, खेळही खेळून झाला. याचा अर्थ प्रयोग यशस्वी झाला का?

शाळेच्या कामातलेच एक उदाहरण घ्या. एका विद्यार्थ्याला ६७ गुण मिळाले आहेत. द्विमान पद्धतीत ही संख्या १००००११ अशी लिहिली जाते. यातला उजवीकडून तिसरा अंक शून्याऐवजी एक झाला, तर १०००१११ म्हणजे ७१ गुण होतात. डावीकडचा पहिला अंक बिघडला असता तर ३ गुण दिसले असते आणि कोणाच्या तरी ते लक्षात आले असते. ७१ मात्र कोणाच्याही लक्षात येणार नाहीत. शिवाय ही चुकीची संख्या एकदा डिस्कवर गेली, की नंतर प्रोसेसरचा वेग मूळपदावर आणूनही ती दुरुस्त होत नाही.

यावर उपाय आपल्याला टाळ्यांच्या खेळात सापडला आहे. ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे, असे काम संगणकाला द्यायचे. टोकियो विद्यापीठातल्या यासुमासा कानादा यांच्या प्रयोगशाळेतून १९९५ मध्ये 'सुपर पाय' हा कार्यक्रम बाहेर आला. तो पायची किंमत दहा लाखांहून अधिक अंकांपर्यंत काढतो. पायचे अंक ठाऊक असल्यामुळे एक अंक जरी चुकला तरी पकडता येतो. ओव्हरक्लॉकिंग करणाऱ्यांची ही आवडती परीक्षा झाली, ती वेग मोजण्यासाठीही आणि चुका पकडण्यासाठीही.

याहून कडक परीक्षा आली ती गणितातल्या एका शोधमोहिमेतून. जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ मध्ये मर्सेन मूळसंख्या शोधण्याचा उपक्रम सुरू केला. हजारो लोकांच्या संगणकांवर फावल्या वेळात ही आकडेमोड चाले आणि एकेका संख्येला काही आठवडे लागत. हिशेब असा, की प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी असते. मध्ये एक अंक बिघडला तर पुढचे सारे श्रम फुकट. म्हणून त्यांच्या 'प्राइम ९५' या कार्यक्रमात संगणकाची सत्त्वपरीक्षा घेण्याची सोय ठेवली गेली. तो प्रचंड मोठे गुणाकार तासन्‌तास करत राहतो आणि उत्तरे माहीत असलेल्या उत्तरांशी ताडून पाहतो. याशिवाय मधल्या उत्तरांवरही त्याची नजर असते. या गुणाकाराच्या रीतीत काही ठिकाणी उत्तर पूर्णांकाच्या अगदी जवळ यायला हवे. ते दोन पूर्णांकांच्या साधारण मधोमध आले, तर काहीतरी बिघडले हे ओळखून कार्यक्रम थांबतो.

नवशिक्याने ही परीक्षा किमान एक रात्र, शक्य तर पूर्ण दिवस चालू ठेवावी आणि तीही वर्षातल्या उकाड्याचा अंदाज ठेवून. एक जरी चूक आली तरी वेग एक पायरी खाली आणावा. एकही आली नाही, तरीसुद्धा थोडा मोकळा पट्टा ठेवून थांबावे. परीक्षेत चूक सापडली तर संगणक बिघडलेला आहे, हे नक्की. चूक सापडली नाही तर तो निर्दोष आहे असे मात्र सिद्ध होत नाही. आपला विश्वास वाढतो, एवढेच.

ठाऊक उत्तराशी ताडून पाहण्याची सवय किती मोलाची आहे, याचा दाखला १९९४ मध्ये मिळाला होता. त्यात ओव्हरक्लॉकिंगचा काही संबंध नव्हता. अमेरिकेतल्या लिंचबर्ग कॉलेजातले गणिताचे प्राध्यापक टॉमस नाइस्ली जुळ्या मूळसंख्यांच्या व्यस्तांची बेरीज करत होते. उत्तरे जुळेनात म्हणून त्यांनी एकेक शक्यता वगळत नेली आणि दोष पेंटियम प्रोसेसरच्या भागाकारात आहे, या निष्कर्षाला ते पोहोचले. प्रोसेसरमधल्या एका कोष्टकातल्या काही जागा भरायच्या राहून गेल्या होत्या. ४१,९५,८३५ ला ३१,४५,७२७ ने भागले तर १.३३३८२ यायला हवेत. तो प्रोसेसर १.३३३७३ देई. इंटेलला प्रोसेसर बदलून द्यावे लागले आणि त्यासाठी कंपनीने ४७.५ कोटी डॉलरची तजवीज केली. लक्षावधी लोक तेच यंत्र वापरत होते. या प्राध्यापकांनी उत्तर ताडून पाहिले, म्हणून ही चूक जगासमोर आली.

ओव्हरक्लॉकिंगचा धोका फक्त कल्पनेतला नाही, हेही पुढे मोजले गेले. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०११ मध्ये सुमारे दहा लाख संगणकांकडून आलेल्या बिघाडांच्या अहवालांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ओव्हरक्लॉक केलेल्या संगणकांत प्रोसेसरमुळे होणारे बिघाड इतरांपेक्षा कित्येक पटींनी जास्त आढळले. छापील आकड्यापेक्षा कमी वेगाने चालणारे संगणक तर अधिकच भरवशाचे निघाले.

आजची स्थिती

सेलेरॉनच्या काळात जो पट्टा मोकळा होता, तो आज कारखानेच वापरून घेतात. इंटेलने २००८ च्या अखेरीस आणलेल्या कोअर आय-७ पासून प्रोसेसर स्वतःचे तापमान आणि वीजखर्च मोजून वेग आपोआप वाढवू-घटवू लागले. त्यामुळे हाताने वेग वाढवून पूर्वीसारखा दीडपट लाभ आता होत नाही, थोडक्या टक्क्यांवर समाधान मानावे लागते. द्रवरूप नायट्रोजन किंवा हेलियमने चिप गोठवून विक्रम करणारी मंडळी नऊ गिगाहर्ट्‌झच्या पुढे गेली आहेत, पण ते काही मिनिटांचे खेळ असतात.

जास्त विद्युतदाबाचा धडा कारखान्यांनाही चुकलेला नाही. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतले काही प्रोसेसर मधूनच बंद पडू लागले. प्रमाणाबाहेर विद्युतदाब मिळाल्याने चिपमधला घड्याळाचा भाग कायमचा मंदावतो, असे २०२४ मध्ये निष्पन्न झाले. कंपनीने दुरुस्ती पाठवली आणि हमीचा काळ दोन वर्षांनी वाढवला. आधीच झिजलेल्या चिपा मात्र त्या दुरुस्तीने बऱ्या होणार नव्हत्या.

वर्गासाठी

शाळेच्या कामाच्या संगणकावर हा प्रयोग कोणी करू नये. ज्यावर निकालपत्रके तयार होतात, त्या यंत्राचा मोकळा पट्टा जपलाच पाहिजे. प्रयोग करून पाहायचाच असेल तर बाजूला काढलेला जुना संगणक घ्यावा किंवा रास्पबेरी पाय हा छोटा, स्वस्त संगणक घ्यावा. त्याच्या निर्मात्यांनी २०१२ मध्ये ७०० मेगाहर्ट्‌झवरून १ गिगाहर्ट्‌झपर्यंत जाण्याची सोय हमी कायम ठेवून अधिकृतपणेच दिली होती. तापमानाची मर्यादाही त्यात घालून दिलेली आहे.

वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांना पुढील कामे देता येतील. वेग आणि तापमान यांचा आलेख काढणे. विद्युतदाब पाच टक्क्यांनी कमी केला तर उष्णता किती टक्क्यांनी घटेल, हे सूत्रावरून काढणे. टाळ्यांच्या खेळात 'सतराने गुणा' हे काम 'दहाने गुणा, सातने गुणा आणि बेरीज करा' असे तीन मुलांत वाटून दिले, तर टाळ्या किती जलद वाजवता येतात ते पाहणे. प्रोसेसरचे रचनाकारही वेग वाढवण्यासाठी लांब काम असेच तोडून अधिक टप्प्यांत वाटतात. आणि शेवटी, चुकीचे उत्तर ओळीतल्या मुलांनाच कळावे, अशी काही युक्ती खेळात घालता येईल का, याचा विचार करायला सांगावे. काही मुले दोन ओळी करून उत्तरे जुळवून पाहू म्हणतील, काही नऊने भागून बाकी तपासू म्हणतील. या दोन्ही युक्त्या गणकयंत्रांच्या रचनेत खरोखर वापरल्या गेल्या आहेत.